वजनकाट्यावरचा अकरावा प्रश्न

आमच्या काटेवाल्या काकांनी आयुष्यात कुणाला सरळ उत्तर दिलं असेल, तर ते मी तरी ऐकलेलं नाही. प्रश्न मात्र हवे तेवढे. सकाळी सातला केबिनचं शटर वर गेलं की प्रश्न सुरू, ते संध्याकाळी काकूंनी चहा थंड झाला म्हणून तिसऱ्यांदा हाक मारेपर्यंत.

साकोलीच्या बाहेर, हायवेला लागून त्यांचा वजनकाटा. आमच्याकडे त्याला धर्मकाटा म्हणतात. जमिनीत बसवलेली भली मोठी लोखंडी प्लेट, तिच्यावर ट्रक चढतो, केबिनच्या खिडकीवर लाल आकडे दिसतात आणि ड्रायव्हरला वजनाची चिठ्ठी मिळते. बाकी जगातल्या काट्यांवर एवढंच होतं. आमच्या काकांच्या काट्यावर चिठ्ठीच्या आधी एक प्रश्न मिळायचा.

"कहाँ से आए?"

"सूरत से, चाचा."

"तापी के किनारे से आए. तो तापी निकलती कहाँ से है?"

"चाचा, माल उतरवाना है. देर हो रही है."

"निकलती है तो कहीं से तो निकलती होगी ना."

ड्रायव्हर डोकं खाजवायचा. उत्तर आलं नाही तरी चिठ्ठी मिळायची, तिथे काका अडवत नसत. पण उत्तर मिळायचं नाही. "अगली खेप में बताना," एवढंच. आणि उत्तर बरोबर आलं, तर शाबास नाही, वा नाही, खिडकीतून हात हलवून नुसतं म्हणायचे, "जाऊ दे गाडी." समोरचा पंजाबी असो की ओडिया, हे वाक्य मराठीतच. काही ड्रायव्हर तर म्हणे त्या तीन शब्दांसाठी पुढच्या खेपेपर्यंत धाब्या-धाब्यावर विचारत फिरायचे. एकजण तापीच्या उगमाचं, मुलताईचं नाव तळहातावर लिहून घेऊन आला होता, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे शून्य. ट्रक चढण्याआधी प्लेट रिकामी असताना आकडा शून्य आहे की नाही, हे ड्रायव्हरला खाली उतरवून दाखवल्याशिवाय ते वजन करत नसत. पावसाळ्यात टायरांचा चिखल प्लेटवर साचतो आणि काटा रिकामाच चाळीस-पन्नास किलो दाखवतो. बाकीचे काटेवाले बटण दाबून आकडा शून्य करतात आणि पुढे जातात. काका पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, खराटा घेऊन स्वतः प्लेट धुवायचे. मागे ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न. हे आपले कोपऱ्यातला चिखल उकरून राहिले. "बटन दाबून चिखल जात नाही," म्हणायचे. "आधी शून्य पाहा. मंग बाकीचं."

डावं-उजवं हे शब्द त्यांना चालत नसत. कुणी बँकेचा रस्ता विचारला तर "इथून पश्चिमेले जा, मंग उत्तरेले वळा." माणूस गोंधळून म्हणायचा, म्हणजे उजव्या हाताला का? त्यावर, "उजवा हात तुया हाय, रस्त्याचा नाही." एकदा नात्यातल्या लग्नात अक्षता टाकायची वेळ आली, तर यांनी नवरदेवालाच विचारलं की वैनगंगा वर्धेला भेटल्यावर तिचं नाव काय होतं. नवरदेव नागपूरचा, त्याला येईना. बाकी सगळ्यांच्या अक्षता टाकून झाल्या, हे मूठ मिटून उभे. शेवटी नवरीनेच अंतरपाटाखालून हळूच "प्राणहिता" सांगितलं, तेव्हा मूठ सुटली. काकू आजही ती गोष्ट निघाली की पदर तोंडाला लावतात. "यायले भाजीत मीठ किती टाकू इचारलं, तर हे मले मीठ कुठून येते ते इचारते," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

तो पहिला दिवस म्हणजे मी त्यांच्याकडे अभ्यासाला बसायला गेले तो. केबिनच्या मागे एक लांब खोली होती, पूर्वी तिथे पोती असायची. काकांनी ती रिकामी करून चार टेबलं, दोन पंखे टाकले आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना उघडी करून दिली. मी सहा किलोमीटरवरच्या गावातून स्कूटीने यायचे. घरी धानाची शेती, अभ्यासाला शांत कोपरा नाही. इथे हायवेची घरघर होती, पण तिला थोड्या दिवसांनी कान सरावले.

खोलीचं भाडं नव्हतं, अट होती. रविवारी दहाला सगळ्यांनी बसायचं, मोबाईल दाराजवळच्या घमेल्यात टाकायचे आणि काकांचे दहा प्रश्न सोडवायचे. दहा प्रश्न दहा दिशांचे असायचे. इतिहास, खेळ, खाणी, देवळं, काहीही. मग अकरावा प्रश्न, तो दर रविवारी एकच: "सूत्र काय?" दहाही उत्तरं भूगोलाच्या एखाद्या धाग्याने आतून जोडलेली असायची आणि तो धागा ओळखायचा. एकदा मँगनीजची खाण, बौद्ध स्तूप, नदीकाठची दगडी देवळं, मोठं धरण अशी उत्तरं होती. आम्ही बालाघाट, पवनी, मार्कंडा, गोसीखुर्द सगळं धडाधड लिहिलं आणि सूत्रापाशी येऊन माना खाली घातल्या. सगळं वैनगंगेच्या पाण्याचं होतं, आणि आमच्यातल्या अर्ध्या पोरांची गावं त्याच पाण्यावर.

आणि गुण देण्याची पद्धत तर अशी की माणसाने डोकं आपटावं. दहा उत्तरं बरोबर आणि सूत्र नाही, तर शून्य. तीनच उत्तरं आली पण सूत्र सापडलं, तर दहापैकी दहा. वरठीहून एक पोरगा मोटरसायकलने यायचा. त्याचे वडील तिथल्या पोलाद कारखान्यात कामाला, पोरगा हुशार आणि तोंडाने फटकळ. तो एकदा चिडून म्हणाला, "काका, परीक्षेत असं नसते न."

"परीक्षेत मी नसतो न," काका म्हणाले आणि हॉर्न वाजला म्हणून उठून गेले.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय काका पुरे कळायचे नाहीत. मी दोनदा लेखी परीक्षा पास झाले आणि दोन्ही वेळा मुलाखतीत पडले. प्रश्न कठीण होते म्हणून नाही. दोन्ही वेळा पहिलाच प्रश्न होता, आपल्या जिल्ह्याची ओळख करून द्या. आणि तिथेच माझी जीभ अडखळली. मला लाज वाटायची, आता खोटं कशाला बोलू. पुण्याच्या क्लासमध्ये सहा महिने काढले, तेव्हा जिल्हा भंडारा म्हटलं की पोरी हसून विचारायच्या, जेवण कधी आहे. मग मी "नागपूरच्या बाजूला" म्हणायला लागले. मुलाखतीत तलाव, तांदूळ, पितळ असं गाईडमधलं सांगायचे, पण आवाज असा की जणू काही कुणाची माफी मागतेय. समोरच्यांना तो ऐकू येत असणारच.

तिसऱ्यांदा मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा बाबा म्हणाले, "माय, ही शेवटची. मंग आपण पोरगा पाहू." ते रागाने नाही म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी खूप धीर धरला होता, हे मला कळत होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

मी काकांना सांगितलं. त्यांनी बडीशेप तोंडात टाकली आणि विचारलं, "मागच्या खेपेले कायमुळे पडली?" मी सगळं सांगितलं, नागपूरच्या बाजूलापासून. धीर द्यावा, एखादा शब्द बोलावा, तर नाही. चिठ्ठीच्या यंत्रात कागद भरत बसले.

मुलाखतीच्या आधीचा शेवटचा रविवार. काकांनी दहा प्रश्न काढले. हिऱ्यांना पैलू पाडणारं शहर? सुरत. हज कुठे? मक्का. व्हिएतनामची राजधानी? हनोई. इरावती नदीच्या काठचं हजारो पॅगोड्यांचं जुनं नगर? बागान. हवाईची राजधानी? होनोलुलू. आशियाई सिंहांचं जंगल? गीर. महानदीवरचं लांबच लांब धरण? हिराकुड. केळीसाठी नावाजलेलं खानदेशातलं शहर? जळगाव. छत्तीसगडची राजधानी? रायपूर. क्युबाची राजधानी? हवाना.

दहाच्या दहा मला आली. सूत्र काय? मी बंदरं म्हटलं, तर रायपूरला कुठलं बंदर. वरठीच्या पोराने तीर्थक्षेत्रं म्हटलं, तर होनोलुलूत कुठलं तीर्थ. तासभर डोकी फोडली. काकांनी कागद गोळा केले आणि सगळ्यांच्या कागदावर लाल शाईने शून्य काढलं. माझ्याही.

"काका, मी बुधवारी चालली मुलाखतीले," मी म्हटलं. "तुम्ही मले शून्य देऊन पाठवून राहिले?"

"शून्य पाहूनच जा," ते म्हणाले.

असा राग आला की सांगू नका. स्कूटी काढली आणि घरी आले. पण सूत्र काही डोक्यातून जाईना. नकाशाचं पुस्तक काढलं, मागच्या सूचीतून दहाही ठिकाणांचे आकडे वहीत उतरवले, देश लिहिले, समुद्र लिहिले, भाषा लिहिल्या. काही जुळेना. वही आपटली आणि जेवलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "माय, ते पीक पाहनीचं करून दे न. तारीख संपून राहिली." शेतात कोणतं पीक उभं आहे, त्याची नोंद हल्ली मोबाईलवरच करावी लागते. बांधीत उभं राहून फोटो काढायचा आणि ॲपवर टाकायचा. मी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर गेले. धान पोटरीत आलेलं, पाय घोट्यापर्यंत ओले. ॲप उघडलं, आणि फोटोच्या आधी त्याने नेहमीसारखं विचारलं, अक्षांश-रेखांश मिळवा. मी दाबलं. आकडा आला, अक्षांश एकवीस, पूर्णांकापुढे काहीबाही.

तो आकडा मी दर हंगामात पाहते. पण आदल्या रात्री हाच आकडा मी वहीत पुन्हा पुन्हा लिहिला होता, सुरतेसमोर, मक्केसमोर, हनोईसमोर, आणि एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. मी तिथेच बांधीत उभी राहिले. पश्चिमेला तोंड केलं तर सरळ पुढे जळगाव, सुरत, गीर, समुद्र, मक्का. पूर्वेला रायपूर, हिराकुड, बागान, हनोई, आणि मग सगळा पॅसिफिक ओलांडून होनोलुलू. आणि मध्ये मी, बाबांच्या धानात. मला रडू आलं. कशाचं ते तेव्हा कळलं नाही, पण आलं.

फोटो काढला, घरून वही घेतली आणि तशीच चिखलाच्या पायांनी काट्यावर गेले. काका प्लेटवर खराटा मारत होते.

"एकवीस अंश," मी म्हटलं. "सगळं आपल्या रेषेवर हाय. शून्य म्हणजे आपन, मोजाचं ते इथूनच."

ते खराटा टेकवून उभे राहिले. मग मला केबिनमध्ये घेऊन गेले. भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा होता, त्याच्यावर नेहमी धानाच्या बियाण्याचं कॅलेंडर लटकलेलं असायचं. त्यांनी कॅलेंडर बाजूला केलं. नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा दोरा ताणलेला होता, आणि मध्ये एक टाचणी. ती आमच्यावर होती.

"वीस वर्षं गाड्या मोजून राहिलो मी," काका म्हणाले. "सुरतवाला येते, रायपूरवाला येते, सगळे याच दोऱ्यावरून. एकानं मले इचारलं होतं, चाचा, ये साकोली कहाँ पड़ता है. मले सांगता नाही आलं. मंग हा दोरा बांधला."

म्हणजे त्यांनाही. मी दोऱ्यावर बोट फिरवत गेले आणि क्युबापाशी थांबले. माझ्या वहीत हवानासमोर तेवीस होते. रागाच्या भरात मी ते नीट पाहिलं नव्हतं. नकाशावर मात्र हवाना बरोबर दोऱ्याखाली होती.

"काका, हवाना चुकली," मी म्हटलं. "क्युबा हाय रेषेवर, पन हवाना नाही. ती दोन अंश वर हाय."

"नकाशात हाय न दोऱ्यावर."

मी जवळ जाऊन पाहिलं. क्युबाचा तुकडाच नकाशातून निघून आला होता आणि कुणीतरी तो खळ लावून पुन्हा चिकटवला होता. चिकटवताना तो बोटभर खाली सरकला होता. "ट्रकाच्या हवेनं फाटलं होतं," काका हळूच म्हणाले. "मीच चिपकवलं." त्यांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. "दोन अंश म्हंजे दोनशे किलोमीटरच्या वर फरक." आणि खरं सांगते, मला वाटलं हे आता काहीतरी फिरवाफिरव करतील. इतकी वर्षं आम्हाला शून्य देणारा माणूस, त्याची चूक आणि तीही एका पोरीने काढलेली.

त्यांनी केबिनचं शटर अर्धं खाली ओढलं, खडू घेतला आणि बाहेरच्या फळ्यावर लिहिलं: रविवारच्या दहाव्या प्रश्नात फरक होता. चूक काटेवाल्याची. ज्यांना शून्य दिले त्यांनी परत यावे. रस्त्यावरचे ट्रकवाले ते वाचत जात होते आणि कुणाला काही कळत नव्हतं. काकांनी तो फळा आठवडाभर पुसला नाही.

बुधवारी मी मुलाखतीला गेले. आपल्या जिल्ह्याची ओळख करून द्या.

मी म्हटलं, "सर, मी जिथे राहते ते गाव एकवीस अंशांवर आहे. त्याच रेषेवर पश्चिमेला सुरत आणि मक्का आहे, पूर्वेला बागान आणि हनोई. हनोईकडे धान पिकतं, तसंच आमच्याकडे. बागानला पॅगोडे आहेत आणि आमच्या पवनीला स्तूपाचे अवशेष. आमच्या दारावरून जो हायवे जातो, तो बराचसा याच रेषेने जातो." आणि मग मी तलावांविषयी बोलले, धानाविषयी बोलले, तेच सगळं जे मागे दोनदा बोलले होते. पण या वेळी कुणाची माफी मागत नव्हते. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

एका सदस्यांनी विचारलं, "पश्चिमेला आणखी पुढे काय?"

"क्युबा, सर. पण हवाना नाही. ती दोन अंश वर आहे."

ते हसले. "हे कुठल्या पुस्तकात वाचलं?"

"पुस्तकात नाही, सर. आमच्याकडे एक वजनकाटा आहे. तिथले काका ट्रक मोजतात, त्यांनी शिकवलं." हे सांगताना माझी मान ताठ होती, एवढं मला पक्कं आठवतं.

निकाल लागला. नायब तहसीलदार. बाबांनी गावभर पेढे वाटले आणि मी पेढ्यांचा पुडा घेऊन धावत काट्यावर गेले. काकूंनी मला कुरवाळलं, बोटं मोडली, डोळे पुसले. काकांनी पेढा घेतला, अर्धा तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरं. सरक तिकडं, गाडी येऊन राहिली प्लेटवर."

बस्स. तोंडातून कौतुकाचा एक शब्द नाही, जाऊ दे गाडीसुद्धा नाही. मी हसले, पण आत कुठेतरी दुखलं. एवढी वर्षं ज्या माणसाच्या तीन शब्दांसाठी मान मोडून अभ्यास केला, त्याने त्या दिवशी तरी ते बोलायला काय हरकत होती. स्कूटीवरून घरी येताना मी त्यांच्यावर खूप चिडले होते.

पोस्टिंग मिळालं खानदेशात. निवडणुका लागल्या आणि माझी ड्युटी हायवेवरच्या तपासणी नाक्यावर लागली. येणारी-जाणारी प्रत्येक गाडी थांबवायची, कागद पाहायचे, डिकी पाहायची. एका सकाळी तांदळाचा ट्रक थांबवला, सुरतेकडे चालला होता. ड्रायव्हर पन्नाशीचा, गळ्यात गमछा. त्याने कागद दिले. त्यात वजनाची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर काकांच्या काट्याचं नाव. मी ती जरा जास्तच वेळ हातात धरली असणार.

ड्रायव्हर माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे पाहत होता. ओठ हलवत वाचत होता.

"मैडम," तो म्हणाला, "आप साकोली वाली हो क्या?"

"हाँ. क्यों?"

"वो काँटे वाले चाचा हैं ना. पहले नदी पूछते थे, पहाड़ पूछते थे. अब साल भर से हर गाड़ी को एक ही सवाल पूछते हैं. इस लाइन पे हमारे यहाँ की कौन लड़की अफसर है?"

नाक्यावरचा हवालदार माझ्याकडे पाहायला लागला.

"मैंने बोला, चाचा, मुझे क्या मालूम," ड्रायव्हर सांगत होता. "तो खुद ही बता दिया. पूरा नाम, बाप का नाम, गाँव का नाम. दो बार बताया. बोले, याद रखना, अगली खेप में पूछूँगा."

काकांनी उत्तर दिलं होतं. स्वतःहून, न विचारता, प्रत्येक गाडीला.

"मग? याद है?" मी विचारलं. आवाज सांभाळताना मराठी आणि हिंदी दोन्ही एकत्र आल्या.

ड्रायव्हर ताठ उभा राहिला आणि त्याने माझं नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट, गावासकट. एक अक्षर चुकलं नाही.

मी कागदांवर सही केली, चिठ्ठी वर ठेवून सगळे त्याच्या हातात दिले आणि हवालदाराला म्हटलं, "जाऊ दे गाडी."